काळा धूर आणि चोरटी हवा

जुन्या गाडीतून काळा धूर निघू लागला, प्लग काजळीने माखू लागले आणि ॲव्हरेज घसरले, की आपल्याकडे पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूवर. पेट्रोल जास्त जाते ना, मग करा कमी! हिशेब सरळ वाटतो. पण इंजिन नुसते पेट्रोल जाळत नाही. एक किलो पेट्रोलमागे त्याला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. तेव्हा चोर पेट्रोलच्या घरात आहे की हवेच्या, हे आधी पाहिले पाहिजे.

आमची मारुती ८०० ही १९९६ सालची, कार्बोरेटरची. नांदगाव पेठेहून अमरावतीला दवाखान्यात जायचे तर सौ.चे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. त्यामुळे ही गाडी आमच्या घरी चैन नाही, गरज आहे. तिची फेरनोंदणी तोंडावर आली आणि पीयूसीच्या यंत्राने कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के दाखवला. या काळातल्या चारचाकीला मर्यादा ३ टक्क्यांची. पुण्याहून मुलाने फोनवरच निकाल दिला, "बाबा, भंगारात देऊन टाका."

एका गॅरेजात जेट बदलून झाले होते. दुसऱ्या ठिकाणी स्क्रू आवळला, तर गाडी थांबली की इंजिन बंद पडू लागले. मग तिथलाच सल्ला मिळाला, "चोक थोडा ओढून ठेवा." चोक ओढलेला म्हणजे हवेची वाट अडवलेली आणि पेट्रोलचा नळ उघडा!

हायवेलगतच्या एका वयस्क मिस्त्रींनी बॉनेट उघडले, पण पान्याला हात लावला नाही. बराच वेळ नुसते ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, हवा चोरून घुसून राह्यली, अन् सारे जन तिले पेट्रोल पाजून राह्यले."

पिस्टन खाली येताना हवा ओढतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. या पोकळीच्या जोरावर बारीक नळ्यांतून इतर कामे चालतात. डिस्ट्रिब्यूटरची ठिणगी मागे-पुढे करणे हे त्यांपैकीच एक. नळीला चीर गेली, की कार्बोरेटरला न विचारता हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते. आयडलिंगला तर जास्तच, कारण तेव्हा मुख्य झडप जवळजवळ मिटलेली असते. ती अडखळ झाकायला जो तो पेट्रोल वाढवतो. काळा धूर हा अशा रीतीने रोगाचा नसतो, औषधाचा असतो!

मिस्त्रींनी फडके गुंडाळलेल्या पकडीने चालू इंजिनाची एकेक नळी दाबून पाहिली. एक नळी दाबताच आवाज एकदम सुतासारखा झाला. क्लिपखाली बोटाच्या पेराएवढी चीर होती. आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रबराचा पापड होतो, त्यात नवल ते काय. नवी नळी बसली, जेट मूळ मापाचे आले, चोक आत गेला. यंत्राने पुन्हा मोजले तेव्हा आकडा १.८ होता.

व्हॅक्यूम गेज असेल तर काम आणखी सोपे. समुद्रसपाटीला आयडलिंगवर धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच दाखवते. अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर, म्हणून इंचभर कमी धरावे. काटा त्याहून खाली स्थिर राहिला, तर गळतीचा संशय घ्यावा. काही जण गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे, कृपा करून करू नये.

नळ्या ठीक असूनही धूर येत असेल, तर मग फ्लोटची निडल, अर्धवट अडकलेली चोकची तार आणि धुळीने कोंदलेला एअर फिल्टर पाहावा. फार दिवस मात्र घालवू नयेत. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल लगेच बदलावे.

इंजेक्शनच्या गाड्यांत गंमत उलटी आहे. ज्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर नळीने जोडलेला असतो, तिथे तीच नळी फाटली की संगणकाला इंजिनावर भार आल्याचा भास होतो आणि तो स्वतःच पेट्रोल वाढवतो.

आता आणखी एक भर पडली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या नळ्या बदलाल, तेव्हा पेट्रोलच्या नळ्याही हाताने दाबून पाहा. फुगलेली, चिकट किंवा भेगाळलेली नळी त्याच दिवशी बदलून घ्या.