घरच्या लोखंडी कामासाठी वेल्डिंग मशीन निवडताना



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास दार वाजले. ओळखीच्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ धावत आला होता. "फादर, पोराला डोळेच उघडता येईनात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून रडतोय." जाऊन पाहिले. अठरा वर्षांचा मुलगा ओला टॉवेल डोळ्यांवर धरून भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोळे सुजलेले, पाणी वाहत होते. दुपारी त्याने नव्या मशीनवर गोठ्याचे फाटक जोडले होते, तेही साधा काळा चष्मा लावून. दुकानदाराने मशीन, होल्डर आणि वायर दिली होती. तोंडावर धरायची काच दिली नव्हती, आणि घ्यायला सांगितलेही नव्हते.

मुलाचे डोळे दोन दिवसांत बरे झाले. पण त्या घरात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या फाटकासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याचे दोन सांधे पंधरवड्यात सुटले. मशीनवर मोठा आकडा लिहिलेला होता, पण घरच्या विजेवर ते रॉड नीट जाळतच नव्हते. पैसे गेले, कामही गेले आणि डोळे थोडक्यात वाचले. म्हणून या वेळी शेतीच्या पानावर वेल्डिंग मशीनचाच विषय घेतला आहे.

आपल्या मुलखाला लोखंड जोडण्याची कला नवी नाही. धारच्या लाट मशिदीजवळ, सन १४०५ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीच्या आवारात, लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सात टनांच्या आसपास. परंपरेने तो अकराव्या शतकातील राजा भोजाच्या काळचा मानतात. तेव्हा वीज नव्हती. लोखंडाचे गोळे कोळशाच्या भट्टीत तापवून, घण मारून एकमेकांत मिसळवले आणि एवढा खांब उभा केला. आपल्याकडे येणारे गाडिया लोहार आजही कुऱ्हाडीला पोलादी धार बसवताना तेच करतात. तत्त्व एकच आहे: दोन्ही लोखंडे पुरेशी तापली पाहिजेत आणि मध्ये मळी राहता कामा नये. विजेच्या मशीनने हे तत्त्व बदललेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड आणला. तो लेप जळून धूर आणि मळीचे पांघरूण तयार होते व वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवते. रॉड जोडणाऱ्या हाताला आजही हेच पांघरूण सांभाळावे लागते.

आधी गरज तपासा

मशीन घेण्यापूर्वी वहीत एक हिशेब मांडावा. गेल्या वर्षभरात आपण लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात किती वेळा गेलो आणि किती पैसे दिले? काम वर्षातून दोनतीनदाच निघत असेल तर मशीन घेऊ नये. दुकानातला कारागीर आपल्यापेक्षा चांगला सांधा मारील. सोयाबीन पेरणीच्या तोंडावर वखराची पास सुटते, कोळप्याचा दांडा मोडतो आणि तालुक्याला जाण्यात दिवस जातो, असे वारंवार होत असेल तर मशीनचा विचार करावा. चारपाच घरांनी मिळून एक घेतले तर अधिक उत्तम. पण मग ते कोणाकडे राहील, रॉड कोण आणील आणि बिघडल्यावर खर्च कसा वाटून घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवावे. भांडण मशीनमुळे होत नाही, न लिहिलेल्या बोलीमुळे होते.

मशीनचे प्रकार

(१) जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मर मशीन. वजनाला जड, चाकांवर ढकलावे लागते. दणकट असते, धुळीत टिकते आणि गावातला वायरमनही दुरुस्त करतो. पण वीज फार ओढते.

(२) इन्व्हर्टर मशीन. पाचसात किलोचे, हातात उचलून शेतावर नेता येते. वीज कमी घेते आणि नवशिक्याच्या हाताला रॉड कमी चिकटतो. मात्र आत इलेक्ट्रॉनिक पट्ट्या असतात. धूळ, ओल आणि ग्राइंडरचा लोखंडी भुगा हे त्याचे शत्रू आहेत.

(३) तारेचे म्हणजे मिग मशीन. पातळ पत्र्याला उत्तम, पण बहुधा वायूची टाकी लागते, आणि उघड्या शेतात वारा वायू उडवून नेतो. टिग मशीन स्टीलच्या नाजूक कामासाठी असते. आपल्या फाटक-औजारांसाठी या दोन्हींची गरज नाही.

थोडक्यात, घरची वीज सिंगल फेज असेल आणि काम चौकोनी पाईप, अँगल व पट्टीचे असेल, तर इन्व्हर्टर आर्क मशीन घ्यावे. थ्री फेज असेल आणि रोज जाड लोखंडाचे काम असेल, तरच जड मशीनकडे पाहावे.

विजेचा हिशेब

इथेच बहुतेक जण फसतात. ३.१५ मिलिमीटरचा रॉड चालवायला साधारण ११० अँपिअर लागतात. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचे मोकळे व्होल्टेज ७० धरले, तर ७० गुणिले ११० म्हणजे ७,७०० झाले. त्याला घरच्या २३० व्होल्टने भागले की सुमारे ३३ अँपिअर येतात. एवढा भार घरच्या तारा सोसत नाहीत. तेच काम इन्व्हर्टर मशीन सुमारे २० अँपिअरमध्ये करते. तरीही पंख्याच्या बटणाजवळच्या प्लगमध्ये ते लावू नये. मीटरपासून वेगळी जाड तार, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे, आणि ते वायरमनकडूनच करून घ्यावे. आपला मंजूर भार किती आहे हे विजेच्या बिलावर छापलेले असते. तेही पाहून घ्यावे.

लांब वायर टाकून शेतात काम करायचे असल्यास वायरची जाडी महत्त्वाची. ३० मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरमध्ये २० अँपिअरला सुमारे २२ व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते ती वेगळीच. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाचसहा व्होल्टच जातात. त्या मुलाच्या घरी हेच झाले होते. मशीन वाईट होतेच, पण बारीक वायरने उरलेसुरले व्होल्टेजही खाल्ले होते. जनरेटरवर चालवायचे असेल तर तो किमान ७.५ केव्हीएचा असावा.

पंपाच्या शेतीजोडणीवरून वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते.

दुकानात काय पाहावे

मशीनवर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेले असते. त्यावर जाऊ नये. मागची पट्टी वाचावी. तिथे "२०० अँपिअर, ६० टक्के" असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ दहा मिनिटांतली सहा मिनिटे २०० अँपिअरवर जोडता येते आणि चार मिनिटे विश्रांती द्यावी लागते. हा आकडा किती तापमानाला धरला आहे, हेही विचारावे. चांगले मशीन ४० अंशांवर तपासलेले असते. माळव्यातला मे महिना डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे याचे महत्त्व कळेल. टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर ते मशीन तिथेच ठेवावे.

दुसरी परीक्षा सोपी आहे. दुकानदाराला सांगावे, "आमच्यासमोर ३.१५ चे पाच रॉड लागोपाठ जाळून दाखवा." मशीन बंद पडले किंवा रॉड सारखा चिकटू लागला, तर उत्तर मिळाले. केबल तांब्याची आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, तेही टोक खरवडून पाहावे. पक्के बिल घ्यावे आणि दुरुस्ती इंदूर, देवास की धारला होते, ते बिलावर लिहून घ्यावे.

मशीनच्या पैशांतूनच या वस्तूंसाठी पैसे बाजूला काढावेत: १० किंवा ११ नंबरच्या काचेचा तोंडावरचा मुखवटा, कातडी हातमोजे, मळी झाडायची हातोडी, तारेचा ब्रश आणि रबरी तळाचे बंद बूट. या वस्तूंना पैसे पुरत नसतील तर मशीनलाही पुरत नाहीत, असे समजावे.

रॉड कोणते?

घरच्या कामाला ई ६०१३ जातीचे रॉड पुरे. दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या पाईपला आणि पातळ पट्टीला २.५ मिलिमीटरचा रॉड, ६० ते ९० अँपिअरवर. चारसहा मिलिमीटर लोखंडाला ३.१५ चा, ९० ते १३० वर. ई ७०१८ अधिक मजबूत खरा, पण तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो. पावसाळ्यात रॉडचे पाकीट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओला रॉड तडतडतो आणि सांध्यात भोके पडतात.

घरी काय जोडू नये

ट्रॉलीचा हूक आणि दांडा घरी जोडू नये. ट्रॉलीत माणसे बसतात. बाजाराला जाताना उतारावर सांधा सुटला तर काय होईल ते सांगायला नको. पंपाचे बिडाचे कवच साध्या रॉडने जोडू नये. थंड होताना शेजारीच तडा जातो. त्याला निकेलचा रॉड आणि जाणता हात लागतो. कल्टिव्हेटरची स्प्रिंगही तशीच. आणि डिझेल, तेल किंवा औषधाचा रिकामा वाटणारा ड्रम कधीही जोडू वा कापू नये. त्यात उरलेली वाफ बॉम्बसारखी फुटते. नुसता पाण्याने धुतलेला ड्रमही सुरक्षित नसतो.

प्रकृतीची काळजी

वेल्डिंगच्या उजेडाने डोळे लागले तर त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. दूध, मध किंवा बटाट्याचा रस डोळ्यांत घालू नये. थंड पाण्याची पट्टी बाहेरून ठेवावी, डोळे चोळू नयेत आणि सकाळी डॉक्टरांकडे जावे. डोळा बधिर करणारे थेंब परस्पर आणून टाकत राहू नये. दुखणे कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. काम चालू असताना लहान मुले आजूबाजूला बघत उभी राहतात, त्यांना आधी दूर करावे.

जस्ताचा मुलामा दिलेला पाईप जोडला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि लोक हिवताप समजतात. हा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो, पण दम लागत असेल तर थांबू नये. दूध प्यायल्याने धूर बाधत नाही ही समजूत खोटी आहे. सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढावा, आणि काम उघड्यावर, वारा पाठीकडून किंवा बाजूने घेऊन करावे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. वर्षातून चार दिवस काम करणाऱ्याने घाबरू नये, पण बंद खोलीत बसून धूरही घेऊ नये.

घामाने भिजलेले मोजे आणि ओली जमीन असताना ७० व्होल्टचा धक्काही जीव घेऊ शकतो. पावसात मशीन बंद, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवावा.

शेवटी एक विनंती. मशीन घेणार असाल तर घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला ते नीट शिकू द्या. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तेवढे जमत नसेल तर चांगल्या कारागिराकडे पंधरा दिवस उभे राहावे. शिकलेल्या हाताने घरचे फाटक तर टिकतेच, शिवाय शेजाऱ्याचे औजारही दुरुस्त होते.

तो मुलगा आता मुखवटा घालून काम करतो. फाटक त्याने पुन्हा जोडले आहे, आणि या वेळी ते टिकले आहे.