स्त्रीवरील हिंसा, राष्ट्रांचे करार आणि आपली संमती

न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा येथे राष्ट्रांचे प्रतिनिधी ठराव संमत करतात, त्याचा आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मार खाणाऱ्या स्त्रीशी काय संबंध, असा प्रश्न विचारला जातो. संबंध आहे, आणि एका टप्प्यावर तो थेट धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या इतिहासाच्या आरंभी एका भारतीय स्त्रीचे नाव येते. बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या, आणि पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसाबेन मेहता, या १९४७-४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘मेन’ हा शब्द होता. त्याचा अर्थ सर्व माणसे असाच घेतला जातो, असे काहींचे म्हणणे होते. परंतु ‘पुरुष’ हाही त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि त्याचा आधार घेऊन स्त्रीला वगळता येईल, हे हंसाबेनांनी ओळखले. त्यांच्या आग्रहामुळे तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने ४८ विरुद्ध शून्य मतांनी तो जाहीरनामा स्वीकारला. ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाची प्रतिमा नर व नारी या दोघांवरही उमटली आहे, असे आपण शिकवतो. राष्ट्रांच्या भाषेत तोच आशय उतरण्यासाठी एका शब्दासाठी झगडावे लागले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तथापि हिंसेचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. शासनाने नागरिकाशी कसे वागावे, हा मानवी हक्कांचा विषय मानला जाई; घराच्या उंबरठ्याआत जे घडते ते खाजगी समजले जाई. १९७९ मध्ये आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करणारा करार स्वीकारला, पण त्यातही घरातील मारहाणीसंबंधी स्वतंत्र कलम नव्हते. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या समितीने १९९२ मध्ये, स्त्रीवरील हिंसा हा भेदभावाचाच एक प्रकार होय, असा स्पष्ट निर्वाळा दिला. जून १९९३ मध्ये व्हिएन्ना येथील जागतिक परिषदेने स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचे अविभाज्य अंग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी आमसभेने स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा जाहीरनामा काढला. कुटुंबात, समाजात व शासनाकडून होणारी अशी हिंसेची तिन्ही क्षेत्रे त्याने नोंदवली. आणि रूढी, परंपरा किंवा धर्म यांचे निमित्त पुढे करून कोणत्याही राष्ट्राने आपले कर्तव्य टाळू नये, असेही बजावले.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. जाहीरनामा नैतिक बंधन घालतो. करार कायदेशीर बंधन घालतो. मात्र करार मोडणाऱ्यास पकडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांजवळ पोलीस नाहीत. समितीच्या २३ तज्ज्ञ सभासदांपुढे राष्ट्राने अहवाल मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची, एवढीच ती व्यवस्था. तिला खरे बळ मिळते ते स्वदेशातील न्यायालये व कायदेमंडळे यांच्याकडून. भारताने ९ जुलै १९९३ रोजी या करारास मान्यता दिली. त्याचाच आधार घेऊन १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या उद्देशपत्रिकेतही या समितीचा व १९९५ च्या बीजिंग परिषदेचा उल्लेख आहे. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू असून शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक व आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची तो दखल घेतो.

परंतु करारास मान्यता देताना भारताने एक निवेदन जोडले आहे. कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत, त्या समाजाचा पुढाकार व संमती असल्याखेरीज, हस्तक्षेप न करण्याचे आपले धोरण त्याने जाहीर केले. म्हणजे चेंडू आपल्या अंगणात आला. समाजाच्या वतीने बोलणारे जर मौन पाळतील, तर त्या मौनाचा अर्थ ‘संमती नाही’ असाच होईल. १८६९ च्या घटस्फोट कायद्याचेच उदाहरण घ्या. पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पतीस पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य अथवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा विषम न्याय २००१ साली दूर झाला. तोवर १३२ वर्षे लोटली होती.

आपले मौन व्यासपीठावर जसे असते, तसेच ते घरभेटीतही असते. इफिसकरांस पत्रातील पाचवा अध्याय वाचताना पत्नीच्या अधीनतेवर भर दिला जातो. पण त्याआधीच परस्परांच्या अधीन राहण्याचा आदेश आहे, हे सांगायचे राहून जाते. ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ असा सल्ला दिला जातो. प्रभूने क्रूस स्वेच्छेने स्वीकारला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादण्याचा अधिकार त्याने कोणासही दिलेला नाही. २ शमुवेलच्या तेराव्या अध्यायात तामारेवर बलात्कार होतो, तेव्हा सख्खा भाऊ तिला गप्प राहण्यास सांगतो. पिता दावीद संतापतो, पण करीत काहीच नाही. त्या घराण्याचा पुढे कसा नाश झाला, हे आपणांस ठाऊक आहे.

विवाहाच्या अविच्छेद्यतेची ढाल येथे पुढे करता येणार नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ११५३ वे कलम असे सांगते, की जोडीदारामुळे आत्म्यास वा देहास गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे. विलंब धोक्याचा असल्यास बिशपांच्या आज्ञेची वाट पाहण्याचेही बंधन नाही. म्हणून पीडित स्त्री दाराशी आली, तर प्रथम तिचे बोलणे एकट्यात ऐकावे. समेटाची घाई करून तिला मारणाऱ्यासमोर बसवू नये. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व पत्ता प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात असावा. विवाहपूर्व शिकवणीत तरुणांना या कायद्याची ओळख करून द्यावी.

राष्ट्रांनी शब्द दिला आहे आणि शासनाने आपल्या पुढाकाराची अट घातली आहे. आता तो पुढाकार घेणे आपल्याकडे आहे.