उजेड वजा करून उरतो तो रंग

फेब्रुवारी २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेला पोशाखाचा फोटो इंटरनेटवर आला आणि घराघरांत दोन तट पडले. काहींना पोशाख निळा नि लेस काळी दिसे, काहींना तोच पांढरा-सोनेरी. भांडणारे एकाच मोबाइलमध्ये डोकावत होते, त्यामुळे पडद्याला दोष देण्याचीही सोय नव्हती. अमेरिकेत बेव्हिल कॉनवे आणि सहकाऱ्यांनी १,४०१ जणांना विचारलं, तेव्हा ५७ टक्के निळा-काळा म्हणाले, ३० टक्के पांढरा-सोनेरी. कापड खरोखर निळं-काळंच होतं. मग त्या तीस टक्क्यांचे डोळे बिघडले होते? मुळीच नाही. डोळ्यापर्यंत वस्तूचा रंग सुटा पोहोचतच नाही; पोहोचतो तो उजेड आणि वस्तू यांचा गुणाकार. भर उन्हातला कोळसा दिव्याखालच्या पांढऱ्या कागदापेक्षा जास्त प्रकाश डोळ्यात पाठवतो, तरी काळाच दिसतो. कारण मेंदू आजूबाजूवरून उजेडाचा अंदाज बांधतो आणि तेवढा हिशेबातून काढून टाकतो. या फोटोत अंदाजाला धड आधारच नव्हता. पोशाख सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूने धरलं, त्याने निळसर छटा उजेडाच्या खात्यात टाकली, उरला पांढरा. ज्याने पिवळा दिवा धरला, त्याला उरला निळा.

रंग हा असा अंदाजच असेल, तर टोमॅटो लाल हेही ज्याचं त्याचं मत म्हणायचं का? नाही. एरवी आभाळ, भिंत, माणसांची कातडी असे इतके पुरावे समोर असतात की सगळ्यांचा हिशेब जवळपास सारखाच येतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: वजाबाकी एवढी सफाईदार, तर साडीच्या दुकानात गिऱ्हाईक पदर घेऊन दारात का जातं? कारण वजाबाकी होते ती आलेल्या प्रकाशातून. ट्यूबलाइटच्या उजेडात काही तरंगलांबी भरपूर असतात, काही जवळजवळ नसतातच. साडी आणि ब्लाउजपीस वेगवेगळ्या रंगद्रव्यांत बुडवलेले असले, तरी ट्यूबखाली डोळ्यातल्या तिन्ही प्रकारच्या शंकुपेशींना ते अगदी एकसारखे वाटू शकतात. उन्हात नेले की एक मोरपंखी, दुसरा सरळ हिरवा! जो प्रकाश कापडावर पडलाच नाही, त्याचा हिशेब मेंदू कुठून मांडणार? म्हणूनच मुरलेलं गिऱ्हाईक नुसती साडी घेऊन दारात जात नाही. ब्लाउजपीस पदराला लावून दोन्ही एकदमच उन्हात धरतं.