त्यानंतरचं गाणं

लंडनमधल्या स्टुडिओत तीन तास मिळाले होते, त्यातले दोन-सव्वादोन तास एका प्रेमगीतातच गेले. बंगळूरहून इंग्लंडला गेलेले संगीतकार बिद्दू अप्पय्या १९७४ साली कार्ल डग्लस या जमैकन गायकाचं सिंगल ध्वनिमुद्रित करत होते. तबकडीची दुसरी बाजू कोरी सोडता येत नाही. डग्लसने आपल्या काही ओळी वाचून दाखवल्या, बिद्दूंनी त्यातल्या कुंग फूवरच्या निवडल्या, चाल लावली आणि उरल्यासुरल्या दहा मिनिटांत दोन टेकमध्ये काम उरकलं. ‘हू’ आणि ‘हा’ असे हुंकार घालताना दोघांनाही ती थट्टाच वाटत होती. पाय रेकॉर्ड्‌स या कंपनीतल्या जाणकाराने मात्र ऐकल्याबरोबर तबकडी उलटी करायला लावली. ‘कुंग फू फायटिंग’ त्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढचं गाणं दहा मिनिटांत झालं नाही. त्यावर विचार झाला, आणि विचाराअंती निघालं ते ‘डान्स द कुंग फू’. ब्रिटनमध्ये ३५वं, अमेरिकेत ४८वं. माझ्या कानाला ते वाईट नाही. ठेका तोच, आवाज तोच, विषयही तोच. पण ज्याच्याकडे पहिलं गाणं आहे त्याने दुसऱ्यांदा पैसे का मोजावेत, याचं उत्तर त्यात नव्हतं.

हा लेख अशाच गाण्यांबद्दल आहे. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांवर पुस्तकं निघतात. त्यांच्या पाठीवर आलेल्या आणि आपटलेल्या गाण्यांना तळटीपही मिळत नाही. माझा मात्र असा समज होत गेला आहे, की गायकाची खरी शिरगणती दुसऱ्या गाण्याला होते. पहिल्याला गर्दी जमते ती गाण्यासाठी. त्यातले किती जण गायकासाठी आले होते, हे पुढचं सिंगल बाजारात आल्यावर कळतं, आणि तो आकडा बहुधा क्रूर असतो.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात पडला नाही. ब्रिटनची विक्रीवर आधारलेली पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२ मध्ये छापली. त्यासाठी वीसेक दुकानांना फोन करून आकडे गोळा केले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पायदानं आपल्याकडेही होती, चढउतार होते, पैजाही लागत. पण गाणं सिनेमाचं असे. लताबाईंचं एक गाणं उतरलं तरी त्याच आठवड्यात त्यांचीच दुसरी चार, वेगळ्या संगीतकारांची, वर असत. ‘पुढचं सिंगल’ ही चीजच नव्हती. पाश्चात्त्य पॉपमध्ये गायक, त्याची कंपनी आणि दोन गाण्यांची छोटी तबकडी एवढाच मामला. एक खपली की दुसरी काही महिन्यांत यायलाच हवी.

या हिशेबाचं सगळ्यात निखळ उदाहरण म्हणजे नेब्रास्कातली झेगर आणि इव्हान्स ही जोडी. रिक इव्हान्सने लिहिलेलं ‘इन द इयर २५२५’ आधी स्थानिक पातळीवर, थोड्याच प्रतींत निघालं, मग आरसीए कंपनीने उचललं. १९६९च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर हेच होतं. तंत्रज्ञान माणसाला गिळत जाणार असं बजावणारं गाणं, आणि तेही नेमकं त्या आठवड्यात! सहा आठवडे ते तिथे राहिलं, ब्रिटनमध्ये तीन. त्यानंतर आलं ‘मिस्टर टर्नकी’. बलात्काराची शिक्षा भोगणारा कैदी तुरुंगाच्या पहारेकऱ्याशी बोलतो, असा त्याचा विषय. बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत ते आलंच नाही. पुढे या जोडीचं कुठलंच गाणं दोन्ही देशांच्या यादीत दिसलं नाही. धाडसाला दाद द्यावी, पण असं गाणं सकाळच्या रेडिओवर लावणार कोण, हे कंपनीत कुणीच विचारलं नसेल का?

म्हणजे तेच पुन्हा करावं तर लोक म्हणतात, हे ऐकलंय. वेगळं करावं तर म्हणतात, हा तो नव्हेच. ख्रिस फार्लो पहिल्या वाटेने गेला. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्‌सचं ‘आउट ऑफ टाइम’ त्याने १९६६च्या उन्हाळ्यात अव्वल नेलं. पुढचं ‘राइड ऑन, बेबी’ही त्याच दोघांचं घेतलं आणि ३१व्या क्रमांकावर थांबला. ‘माकारेना’वाल्या लोस देल रिओंनी कहर केला. १९९६ मध्ये अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या त्या गाण्यात नाताळची गाणी मिसळून ‘माकारेना ख्रिसमस’ काढलं, तेही ५७पर्यंत गेलं! याला गाणं म्हणण्यापेक्षा उरलेल्या भाताची फोडणीच म्हणावं.

डेबी बूनची गोष्ट वेगळी आहे आणि मला जास्त बोलकी वाटते. ‘यू लाइट अप माय लाइफ’ १९७७ मध्ये सलग दहा आठवडे अमेरिकेत अव्वल होतं. सत्तरच्या दशकात बिलबोर्डच्या यादीत इतका काळ दुसरं कुठलंच गाणं टिकलं नाही. जोसेफ ब्रुक्स यांच्या त्याच नावाच्या चित्रपटातलं हे गाणं पडद्यामागून दुसऱ्याच गायिकेने गायलेलं. डेबीने गायलं ते नंतर, वेगळं. प्रेमगीत म्हणून लिहिलेलं, पण तिने ते देवाला उद्देशून गायलं. चर्चला जाणाऱ्या कुटुंबांपासून लग्नसमारंभांपर्यंत सगळ्यांना ते चाललं. असा सर्वांना चालणारा ऐवज हाच पुढच्या गाण्याचा शत्रू, कारण ‘सर्व’ म्हणजे कुणाचाच चाहतावर्ग नव्हे. पुढचं ‘कॅलिफोर्निया’ ५०वर थांबलं. १९८०मध्ये कंट्री संगीताच्या यादीत तिने पुन्हा पहिला क्रमांक मिळवला, पण तो श्रोता निराळा आणि तो मुद्दाम तिच्याकडे आलेला.

बॉबी जेंट्रीचंही थोडंफार असंच. ‘ओड टू बिली जो’ने १९६७च्या ऑगस्टमध्ये बीटल्सचं ‘ऑल यू नीड इज लव्ह’ पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. मुळात हेसुद्धा तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं गाणं. गाण्यात पुलावरून नदीत काय टाकलं, यावर अमेरिकेत घराघरांत तर्क लढवले गेले. पण रहस्य एकदाच विकता येतं. नंतरचं ‘ओकोलोना रिव्हर बॉटम बँड’ ५४च्या वर चढलं नाही. दोनच वर्षांत ब्रिटनमध्ये मात्र तिला दुसऱ्याच गाण्याने पहिला क्रमांक दिला.

आपटलेलं गाणं कुठे आपटलं, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. अमेरिकन माणसाला आ-हा हा बँड म्हणजे फक्त ‘टेक ऑन मी’. पुढचं ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ तिकडे विसाव्यावर अडकलं. ब्रिटनमध्ये तेच अव्वल ठरलं आणि ‘टेक ऑन मी’ दुसऱ्या क्रमांकावर राहिलं होतं. डेक्सीज मिडनाइट रनर्स या ब्रिटिश बँडला अमेरिका ‘कम ऑन आयलीन’वरून ओळखते, तिथलं त्यांचं पुढचं गाणं ८६वं. घरच्या मैदानावर याच मंडळींनी १९८०मध्ये ‘जीनो’ने पहिला क्रमांक, त्यापुढच्या गाण्याने सातवा आणि त्याच वर्षी ‘कीप इट पार्ट टू’ने यादीबाहेरची जागा, असा सगळा प्रवास केला. बहुतेक सहकारी सोडून गेले. बँडचा म्होरक्या केव्हिन रोलंडने नवी माणसं जमवली आणि दोन वर्षांनी ‘आयलीन’ आली. सपाटून आपटणं हे दर वेळी शेवटचंच असतं असं नाही.

आता ज्या तीन हिवाळ्यांसाठी मी हा विषय घेतला, तिकडे येतो. १९९६, १९९७ आणि १९९८, या तिन्ही वर्षांच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या कलावंतांची गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. तिघेही पुढच्या सिंगलला घसरले. तिघांची कारणं मात्र वेगळी.

पहिलं बॅबिलॉन झू. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जस मान याच्या या बँडचं ‘स्पेसमन’ लीव्हाइस जीन्सच्या जाहिरातीत वाजलं. जाहिरातीत होता तो वेग वाढवलेला, चिरक्या आवाजाचा, नाचायला लावणारा तुकडा. पहिल्याच आठवड्यात ४,१८,००० प्रती खपल्या, तेव्हा कुठल्याच नवख्याचं पहिलं सिंगल इतक्या वेगाने खपलं नव्हतं. लोकांनी घरी नेऊन लावलं तर तो तुकडा सुरुवातीलाच संपतो आणि पुढे जड, संथ गिटार सुरू होते. पाच आठवडे तरीही ते अव्वल राहिलं. ‘अ‍ॅनिमल आर्मी’ १७वर थांबलं, त्यापुढचं ३२वर. मला यात जस मानचा दोष दिसत नाही. लोकांनी घेतली होती ती जाहिरात. दोन वर्षांपूर्वी याच जीन्सच्या जाहिरातीतून स्टिल्टस्किन हा बँड ‘इनसाइड’ घेऊन पहिल्या क्रमांकावर गेला होता आणि पुढच्याच सिंगलला ३४वर आला होता. ते उदाहरण सगळ्यांसमोर होतं, तरी कंपन्यांनी पुन्हा तोच जुगार खेळला.

दुसरं व्हाइट टाउन, म्हणजे एकटा ज्योती मिश्रा. जन्म राउरकेलाचा, वाढला इंग्लंडात. डर्बीमधल्या घरी, झोपायच्या खोलीत, साध्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर त्याने ‘युअर वुमन’ तयार केलं. त्यातला तो नाकातून वाजल्यासारखा ट्रम्पेट १९३२ सालच्या, अल बोलीने गायलेल्या एका तबकडीतून उचललेला आहे. बीबीसीच्या रेडिओ १वर गाणं वाजलं, मोठ्या कंपनीने धाव घेतली आणि जानेवारी १९९७मध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. थेट उतरण्यामागे त्या काळाची एक रीत आहे. कंपन्या गाणं आधी कित्येक आठवडे रेडिओवर वाजू देत, दुकानात मात्र येऊ देत नसत. मग पहिल्या आठवड्यात किंमत पाडून सगळी तुंबलेली मागणी एकदम मोकळी करत. त्यामुळे पहिला क्रमांक म्हणजे प्रेमाची मोजदाद नसून एका आठवड्याच्या गर्दीची होती. ‘अनड्रेस्ड’ हे त्याचं पुढचं सिंगल ५७वर आलं, आणि कंपनीबरोबरचा संसारही लवकरच आटोपला. मिश्रा पुन्हा आपल्या खोलीत गाणी करू लागला. खोलीत बसून गाणाऱ्या लाजऱ्या माणसाला तारा म्हणून विकायचं कसं, हे त्या कंपनीला कळलं नाही, असं माझं मत.

तिसरं कॉर्नरशॉपचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. यातली आशा म्हणजे सांगलीत जन्मलेल्या आपल्या आशा भोसले. पंजाबी घरात वाढलेल्या तजिंदर सिंगने हिंदी सिनेमावर, तबकड्यांवर आणि पार्श्वगायनाच्या त्या सगळ्या दुनियेवर हे गाणं रचलं. त्यात लताबाई आणि रफीसाहेबही येतात. १९९७मध्ये ते साठाव्या क्रमांकावर थबकलं. म्हणजे आपटणं आधी झालं! रेडिओ १चे जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षीचं सर्वोत्तम गाणं म्हणून तेच निवडलं. मग नॉर्मन कुक, म्हणजेच फॅटबॉय स्लिमने त्याचा वेग आणि पट्टी चढवली, ढोल वाढवले, आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते अव्वल झालं. पुढचं ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ कॉर्नरशॉपच्या मूळ स्वभावाचं, आळसावलेलं, डुलत जाणारं. ते २३वर आलं. मूळ ‘ब्रिमफुल’च्या साठशी तुलना केली तर ही खरं म्हणजे प्रगतीच. पण पहिला क्रमांक एकदा नावाला चिकटला की बाकीचे आकडे त्याच्याच फुटपट्टीने मोजले जातात. मला विचाराल तर कुकच्या आवृत्तीपेक्षा मूळ संथ गाणंच आशाबाईंच्या जास्त जवळचं आहे.

आज हे सगळं थोडं कालबाह्य झालं आहे. मार्च २०१७मध्ये एड शीरनचा अल्बम आला तेव्हा त्यातली सोळा गाणी एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या विसांत होती. शेवटी एका गायकाची तीनच गाणी मोजायची असा नियम करावा लागला. सगळंच एका दिवशी आलं तर ‘त्यानंतरचं’ कुठलं?

राहता राहिली शिनेड ओ’कॉनर. प्रिन्सचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ तिने १९९०मध्ये गायलं आणि ते ब्रिटन-अमेरिकेसह अनेक देशांत पहिलं आलं. पाठोपाठ आलेलं ‘द एम्परर्स न्यू क्लोद्‌स’ तिचं स्वतःचं, चिडलेलं, खणखणीत; ब्रिटनमध्ये ३१, अमेरिकेत ६०. दोन वर्षांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर तिने पोपचा फोटो फाडला आणि लोकांनी ठरवून टाकलं की तिथे तिची कारकीर्द संपली. २०२१च्या आत्मचरित्रात ती नेमकं उलट सांगते: रुळावरून घसरवलं ते पहिल्या क्रमांकाने, फोटो फाडून आपण रुळावर परत आलो. हे नंतर सुचलेलं समाधान आहे असं म्हणायचा मोह मलाही झाला होता. पण ‘एम्परर्स’ तर फोटोच्या दोन वर्षं आधीच आपटलं होतं. तिला ऐकायला आलेली गर्दी तेव्हाच पांगली होती आणि तरीही ती स्वतःचीच गाणी गात होती. १९९४मधलं ‘थँक यू फॉर हिअरिंग मी’ ब्रिटनच्या यादीत तेरावं आलं.