नौकेवरील चूल आणि बॅटरी

समुद्रात दिवसचे दिवस काढणाऱ्या लहान शिडाच्या नौकेवर स्वयंपाक बहुधा गॅसवर होतो. हा गॅस हवेहून जड. घरात तो गळाला, तर दारे-खिडक्या उघडून बाहेर घालविता येतो. नौकेचा तळ म्हणजे चहूंकडून बंद असे पात्रच. तेथे तो साचून राहतो आणि पुढे एक ठिणगी पुरते. तेव्हा विजेची शेगडी बरी, असे कोणासही वाटावे. परंतु भर समुद्रात वीज यावयाची ती बॅटरीतूनच.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. २००० वॅटच्या किटलीस तेथे सुमारे ९ अँपियर प्रवाह पुरतो. नौकेच्या बॅटरीचा दाब सामान्यतः १२ व्होल्ट. तीच किटली इन्व्हर्टर जोडून चालविली, की बॅटरीतून सुमारे १८० अँपियर प्रवाह वाहू लागतो. अशा वेळी तारेच्या एखाद्या सैल सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा क्षुल्लक विरोध असला, तरी त्या एका ठिकाणी ३०० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. पाणी राहते बाजूला, सांधाच पेटावयास येतो! म्हणून तांब्याची जाड व आखूड तार, घट्ट सांधे आणि बॅटरीलगतच फ्यूज, यांत काटकसर करणे म्हणजे गॅसची आग टाळून विजेची आग ओढवून घेणे होय. दाब २४ व्होल्ट केल्यास प्रवाह निम्मा होतो आणि सांध्यातील उष्णता एकचतुर्थांशावर येते.

मौज अशी, की ही खादाड किटली एकूण हिशेबात मिताहारी ठरते. लिटरभर पाणी तीन-चार मिनिटांत उकळून ती थांबते. खर्च होतो ९-१० अँपियर-तास. याउलट बिचारा दिसणारा फ्रिज चारच अँपियर घेतो, परंतु उष्ण हवेत त्याचे यंत्र दिवसातून बारा तास चालले, तर ४८ अँपियर-तास फस्त करतो.

शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढल्यास तिचे आयुष्य घटते. अर्थात २०० अँपियर-तासांच्या बॅटरीतील वापरता येण्याजोगी निम्मी शिधासामग्री एकटा फ्रिजच संपवितो. शिवाय मोठ्या प्रवाहाखाली तिचा दाब खचतो आणि वीज शिल्लक असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग खरी, पण हा भार ती सहज पेलते व सुमारे ८० टक्के वीज देऊ शकते. तरीही भातासाठी प्रेशर कुकर हवाच. वाफ धरल्यावर तो जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवला, की उरलेले शिजणे विजेवाचून होते.