रेकॉर्डिंगसाठी टाळ निवडताना
शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातलं. इथल्या भजनी मंडळांना आता अभंग रेकॉर्ड करायचे असतात, म्हणून हे लिहितोय. दिंडीतले जाड, वजनदार टाळ स्टुडिओत नेऊ नका. उघड्यावर दूरवर पोचणारा तो खणखणाट बंद खोलीत गायकाचे शब्द गिळतो. लहान, हलके टाळ घ्या, शक्यतो काशाचे. तांबं-कथिलाच्या या मिश्रधातूचा नाद पितळेपेक्षा जास्त टिकतो. दुकानात एक वाटी दोरीला लोंबती धरा, दुसरीच्या कडेने हलकेच टोला द्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत ऐका. दोन्ही वाट्यांच्या स्वरात किंचित फरक असेल तर आवाजात सुरेख लहर उठते. फरक जास्त असेल तर पेटीशी जमत नाही. माइक दोन-तीन फूट लांब, थोडा तिरका ठेवा.