वाटेवरचा अनोळखी पाहुणा

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते. गावाजवळून पेढी नदी वाहते आणि पुढे पूर्णेला जाऊन मिळते. २० डिसेंबर १९५६ रोजी याच पेढीच्या काठी, अमरावतीकडे नेले जात असताना, गाडगे महाराजांची प्राणज्योत मालवली. पन्नासहून अधिक वर्षे ज्याने घराचा आसरा घेतला नाही, त्याचा अंतही वाटेवरच व्हावा, यात एक विलक्षण सुसंगती आहे. स्वतः उभारलेल्या धर्मशाळांपैकी एकीतही त्याने शेवटचा श्वास घेतला नाही.

१८७६ साली शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले. त्यानंतर वऱ्हाडातील असंख्य खेड्यांनी या पुरुषाला प्रथम पाहिले ते अनोळखी म्हणूनच. अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचे गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि हाती खराटा! हा माणूस गावात शिरे तो कोणाची ओळख न काढता रस्ता झाडावयास लागे. पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, शहाणी माणसे त्याला वेडा ठरवीत. काम केल्यावाचून तो भाकर घेत नसे. सायंकाळी मात्र झाडलेल्या त्याच जागी कीर्तन उभे राही आणि वऱ्हाडी बोलीतील साध्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होई. देव कोठे राहतो? बोकड कापल्याने तो प्रसन्न होतो काय? कर्ज काढून सण का करता? शिवाशीव का पाळता? पोरांना शाळेत का घालीत नाही? उत्तरे श्रोत्यांनाच द्यावी लागत. सकाळी ज्याला हसलो तो कोण होता, हे गावाला रात्री उमगे.

या भेटीचे सामर्थ्य कशात होते? पाटलाने झाडावयास सांगितले तर तो हुकूम ठरतो. सोयऱ्याने झाडले तर ते उपकार होतात. अनोळखी माणसाचा त्या रस्त्याशी कोणताच स्वार्थ गुंतलेला नसतो. अर्थशास्त्रात ज्यांना सार्वजनिक वस्तू म्हणतात त्यांची अडचण सर्वश्रुत आहे. रस्ता, पाणवठा, नदीचा काठ सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाहीत. लाभ सर्वांना हवा असतो, पण पहिला खर्च दुसऱ्याने करावा, अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. ही कोंडी बाबांनी फोडली ती पहिला खर्च, म्हणजे स्वतःचे श्रम, आपल्या अंगावर घेऊन. त्यानंतर गावाला बघ्याची भूमिका घेणे अवघड जाई.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी भाविकांसाठी घाट उभारला. स्नानाने ऋण फिटते अशी त्या तीर्थाची ख्याती. यात्रेकरूचा पाय सरू नये म्हणून बांधलेली पायरी हेही एक ऋणमोचनच होते. फरक इतकाच की, ते ऋण देवाचे नसून समाजाचे होते. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई असा धर्मशाळांचा विस्तार झाला. लोकांची श्रद्धा तीच राहिली, दानही तेच राहिले. त्याचा प्रवाह मात्र नवस आणि बळी यांच्याकडून निवाऱ्याकडे वळला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागे, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी एका कीर्तनकाराने वास्तू द्यावी, ही घटना धर्म आणि राष्ट्र या दोन्ही शब्दांचा अर्थ सांगून जाते.

याच जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांना १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास पत्करावा लागला. त्यांच्या देशभक्तीची नोंद सरकारी दप्तरात झाली. खराट्याच्या देशभक्तीची अशी नोंद होत नाही. परंतु देश म्हणजे तरी काय? ज्यांचे तोंडही आपण कधी पाहणार नाही अशा कोट्यवधी अनोळखी माणसांशी मानलेले नाते! श्रद्धा न दिसणाऱ्या देवावर असते, देशप्रेम न दिसणाऱ्या देशबांधवांवर. दोहोंची कसोटी एकच : दारी आलेल्या परक्याला आपल्या श्रद्धेतून आणि देशप्रेमातून काय मिळाले?

तथापि, केवळ गौरवाने भागणार नाही. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेलेली डेबूजींनी पाहिली होती. म्हणूनच सणावारासाठी कर्ज काढू नका, असे ते पोटतिडकीने सांगत. आजच्या कापूस उत्पादकाचे कर्ज मात्र प्रामुख्याने जेवणावळींतून आलेले नाही. बियाणे, औषधे, बेभरवशाचा पाऊस आणि पडणारे भाव यांतून ते साचते. त्याला काटकसरीचे प्रवचन ऐकवून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. तीच गोष्ट स्वच्छतेची. बाबांनी खराटा स्वेच्छेने उचलला. कित्येकांच्या हाती तो जातीने दिला. पहिल्याला वंदन करताना दुसऱ्याचे वेतन, सुरक्षितता आणि मान यांचा विसर पडत असेल, तर ते वंदन पोकळ होय.

बाबांच्या नावाने शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून सुरू झाले. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. नावे देणे योग्यच. परंतु खरी परीक्षा पुण्यतिथीच्या दिवशी नसते. २० डिसेंबरला झाडू हाती घेणारे पुष्कळ मिळतील. प्रश्न २१ डिसेंबरच्या सकाळचा आहे. बाबा कीर्तन आटोपले की पुढच्या गावाची वाट धरीत. ते कोणाचे गुरू झाले नाहीत आणि त्यांनी कोणाला शिष्य केले नाही. दुसऱ्या दिवशी रस्ता कोणी झाडावयाचा, हे ते त्या त्या गावावर सोपवून जात. पेढीच्या काठीही त्यांनी ते तसेच सोपविले आहे.